विस्तृत क्षेत्र संरक्षण प्रणाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारेषण ग्रिडच्या विस्तृत क्षेत्र संरक्षणाविषयी रिले अभियंते, भार प्रेषण केंद्रांतील कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्याकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येते; एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. विस्तृत क्षेत्र संरक्षण म्हणजे नेमके काय?

अनेक उपकेंद्रांतून येणारी माहिती एकत्र पाहून, संपूर्ण ग्रिड किंवा त्याचा मोठा भाग कोसळू नये म्हणून आपोआप कारवाई करणारी यंत्रणा म्हणजे विस्तृत क्षेत्र संरक्षण. नेहमीचा रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीजप्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरला आदेश देणारा संच, एखादे उपकरण वाचवतो. मग ती वाहिनी असेल, रोहित्र असेल किंवा उपकेंद्रातील वाहिन्या जिथे जोडलेल्या असतात ती बस. या प्रणालीला मात्र कोणतेही एक उपकरण वाचवायचे नसते. उलट, सुस्थितीत चालणारे जनित्र किंवा ग्राहकांचा भार जाणूनबुजून तोडून उरलेली व्यवस्था टिकवणे हेच तिचे काम असते. तिच्या प्रत्येक कारवाईत कोणाची तरी वीज जाते किंवा कोणाचे तरी जनित्र थांबते, आणि या पानावरील बहुतेक अवघड प्रश्न त्यातूनच निघतात.

2. प्रत्येक वाहिनीवर रिले असतोच. मग या आणखी एका थराची गरज काय?

स्थानिक रिलेला फक्त आपल्या उपकेंद्रातील दाब (व्होल्टेज) आणि प्रवाह दिसतो. डिस्टन्स रिले या दोहोंच्या भागाकारातून इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, काढतो आणि तो ठरलेल्या कक्षेत आला की बिघाड झाला असे मानतो. वाहिनीवर भार फार वाढला आणि त्याच वेळी दाब उतरला, तर कोणताही बिघाड नसताना हा भागाकार इतका लहान होतो की तो झोन-3 च्या लांबवर पोहोचणाऱ्या कक्षेत शिरतो. रिले आपल्या परीने बरोबर वागतो, पण ग्रिडला ज्या क्षणी त्या वाहिनीची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी ती वाहिनी जाते.

हे घडलेले आहे. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात सॅमिस–स्टार ही 345 केव्ही वाहिनी अशीच झोन-3 वर ट्रिप झाली, म्हणजे रिलेच्या आदेशाने तुटली, आणि त्यानंतर पसरलेल्या अंधाराची झळ सुमारे 5 कोटी लोकांना बसली. भारतात 30 जुलै 2012 च्या पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी 400 केव्ही बिना–ग्वाल्हेर वाहिनी भार झोन-3 मध्ये शिरल्यामुळे गेली आणि उत्तर ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुवात पुन्हा याच वाहिनीपासून झाली. त्या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड बंद पडून सुमारे 48,000 मेगावॉट भार गेला. या प्रसंगी संकट एखाद्या उपकरणात नव्हते, ते संपूर्ण ग्रिडच्या स्थितीत होते. स्थानिक रिलेला ती स्थिती पाहण्याची सोयच नसते.

3. म्हणजे ही प्रणाली बसवली की डिस्टन्स आणि डिफरेन्शियल रिले काढून टाकता येतील का?

नाही. शॉर्ट सर्किट 100 मिलिसेकंदांच्या आत तोडणे हे स्थानिक रिलेचेच काम आहे आणि ते दूरसंपर्कावरील केंद्रीय निर्णयाच्या भरवशावर सोडता येत नाही. वेळेचा हिशेब प्रश्न 7 मध्ये आहे.

4. पीएमयू काय मोजतो, आणि फेज कोनाला एवढे महत्त्व का?

पीएमयू म्हणजे फेजर मापन एकक; फेजर म्हणजे तरंगाचे आकारमान आणि कोन यांची जोडी. ते दाब आणि प्रवाह यांच्या तरंगांचे केवळ आकारमान मोजत नाही. उपग्रहाकडून मिळणाऱ्या वेळेच्या संदर्भाने त्यांचा कोनही, म्हणजे तरंग आवर्तनात किती पुढे-मागे आहे तेही, मोजते आणि प्रत्येक मापनावर वेळेचा शिक्का मारते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या गटाने 1980 च्या दशकात हे उपकरण विकसित केले. त्यामागची कल्पना रिलेसाठी सममित घटकांची (असंतुलित तीन फेजचे ज्यांत विभाजन करतात त्या संतुलित संचांची) गणना सोपी करण्याच्या कामातून आली होती, ही गोष्ट संरक्षण अभियंत्यांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोनाचे महत्त्व असे, की दोन ठिकाणांमधून वाहणारी वीज त्यांच्या दाबांमधील कोनाच्या साइनवर अवलंबून असते. फरक 30 अंश असेल तर कमाल क्षमतेच्या निम्मी वीज वाहत असते. 60 अंशांना ती सुमारे 87 टक्के होते. 90 अंशांना मर्यादा संपते. एखादी वाहिनी गेली की तीच वीज उरलेल्या, अधिक इम्पीडन्सच्या मार्गाने जावी लागते आणि कोन वाढतो. मेगावॉटचे आकडे बदलले नाहीत तरी ग्रिडवरील ताण वाढल्याचे या कोनावरून लगेच कळते.

5. स्काडावर आकडे येतच असतात. तेवढे पुरेसे नाहीत का?

स्काडा, म्हणजे उपकेंद्रांची माहिती नियंत्रण केंद्रात आणणारी नेहमीची यंत्रणा. तिचे आकडे काही सेकंदांच्या अंतराने येतात, आणि दोन उपकेंद्रांचे आकडे एकाच क्षणाचे असतीलच असे नाही. संथ बदलांसाठी हे चालते. कोनांची तुलना करण्यासाठी मात्र ते उपयोगाचे नाहीत. 50 हर्ट्झच्या ग्रिडमध्ये पीएमयू सेकंदाला 50 मापने पाठवू शकतो, म्हणजे दर 20 मिलिसेकंदांना एक.

कोन न दिसल्याची किंमत काय असते याचे उदाहरण इटलीचे आहे. 28 सप्टेंबर 2003 रोजी पहाटे 3 वाजून 1 मिनिटाने स्वित्झर्लंडमधील लुकमानियर वाहिनी झाडाजवळ ठिणगी उडून ट्रिप झाली. ती पुन्हा जोडण्याचे प्रयत्न फसले, कारण ब्रेकरच्या दोन बाजूंमधील कोन 42 अंश झाला होता आणि जोडणीला परवानगी देणाऱ्या उपकरणाची मर्यादा 30 अंशांची होती. पुढच्या 24 मिनिटांत तो कोन पुरेसा उतरवला गेला नाही. 3 वाजून 25 मिनिटांनी दुसरी वाहिनी गेली आणि काही मिनिटांतच जवळजवळ संपूर्ण इटली अंधारात गेली. वाहिनी कधी जोडता येईल आणि त्यासाठी कुठले उत्पादन किती बदलावे लागेल, हे सांगण्याचे काम कोनाची थेट नोंद करते.

6. पीएमयूचा कोन पडद्यावर सतत गोल फिरताना दिसतो. तो बिघडला आहे का?

बहुधा नाही. कोन मोजण्याचा संदर्भ बरोबर 50 हर्ट्झचा काल्पनिक तरंग असतो. ग्रिडची वारंवारता 49.9 हर्ट्झ असेल तर कोन त्या संदर्भाच्या मागे दर सेकंदाला 36 अंश पडत जातो. एका जागेच्या कोनाला एकट्याने काही अर्थ नाही. अर्थ आहे तो दोन जागांच्या कोनांमधील फरकाला, आणि निरोगी ग्रिडमध्ये तो फरक जवळपास स्थिर असतो.

फरक मात्र 30 किंवा 120 अंशांनी सरकलेला आणि तिथेच चिकटून राहिलेला दिसत असेल, तर ग्रिडकडे बघण्याआधी जोडणी तपासावी. 30 अंशांचा फरक बहुतेक वेळा रोहित्राच्या स्टार–डेल्टा गुंडाळणीमुळे येतो, म्हणजे एक पीएमयू एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला बसलेला असतो. 120 अंशांचा फरक असेल तर पीटीच्या (दाब मोजण्यासाठीच्या छोट्या रोहित्राच्या) तारा चुकीच्या फेजवर आल्या आहेत असे समजावे. त्याशिवाय +180 वरून −180 वर होणारी उडी ही केवळ मोजण्याची पद्धत आहे. तर्कप्रणालीने ती सरळ करून घेतली नाही, तर तिला 360 अंशांचा काल्पनिक धक्का दिसतो.

7. संकट ओळखल्यापासून ब्रेकर उघडेपर्यंत किती वेळ लागतो?

पीएमयूवर आधारित योजनेत साधारणतः 150 ते 300 मिलिसेकंद. हा वेळ कुठे जातो हे पाहणे उद्बोधक आहे. फेजर काढण्यासाठी तरंगाची एक-दोन आवर्तने पाहावी लागतात, त्यात 20 ते 40 मिलिसेकंद जातात. प्रकाश तंतूमधून किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे 1000 किलोमीटरला अवघे 5 मिलिसेकंद. खरा उशीर मार्गातील जोडउपकरणांमध्ये होतो. शेवटी ब्रेकरला 40 ते 60 मिलिसेकंद लागतात आणि ते कोणालाही टाळता येत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित वेळ मात्र मधली आहे. वेगवेगळ्या पीएमयूंची एकाच क्षणाची मापने जुळवणारे संकलक यंत्र, म्हणजे पीडीसी, सर्वांत उशिरा येणाऱ्या मापनासाठी थांबते. वीस उपकेंद्रांपैकी एकाचा दुवा संथ असेल तर उरलेली एकोणीस त्याच्यासाठी खोळंबतात. म्हणून थांबण्याची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागते. ती फार कमी ठेवली तर चांगली मापने गळतात आणि फार जास्त ठेवली तर कारवाईला अर्थ उरत नाही. ही मर्यादा उत्पादकाने दिलेल्या मूळ आकड्यावर सोडून देऊ नये. प्रत्यक्ष मार्गांचा उशीर काही आठवडे नोंदवून मगच ती ठरवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

300 मिलिसेकंद पुरेसे आहेत का, हे संकटाच्या प्रकारावर ठरते. दाबाचा संथ ऱ्हास सेकंदांपासून मिनिटांपर्यंत चालतो आणि वाहिनी तापून झुकण्यास मिनिटे लागतात. तिथे हा वेळ भरपूर आहे. बिघाडानंतर जनित्रे पहिल्याच झोक्यात समकालन (एकमेकांच्या तालात फिरणे) गमावणार असतील, तर मात्र तो अपुरा ठरू शकतो. त्यासाठी प्रश्न 8 मधील घटनाधारित पद्धत वापरतात.

8. घटनाधारित आणि प्रतिसादाधारित योजनांमध्ये फरक काय?

घटनाधारित योजना ‘ही वाहिनी गेली तर हे करा’ असे आधीच ठरवून ठेवते. परिणाम दिसण्याची वाट न पाहता ब्रेकर उघडल्याचा संकेत मिळताच ती कारवाई करते, म्हणून ती जलद असते. समजा, एका वीज केंद्रातून तीन समांतर वाहिन्यांवर 1800 मेगावॉट जातात आणि दोन वाहिन्यांवर 1300 मेगावॉटपर्यंतच स्थैर्य टिकते. एक वाहिनी गेली तर 500 मेगावॉट तत्काळ कमी करावे लागतील, म्हणजे 250 मेगावॉटची दोन जनित्रे तोडावी लागतील. उत्पादन 1400 असेल तर एक पुरे. उत्पादन 1200 असेल तर काहीच करायचे नाही. कोणत्या स्थितीत काय करायचे याची ही पूर्वतयारी सतत अद्ययावत होत राहते. तिला योजना ‘आर्म’ करणे म्हणतात.

प्रतिसादाधारित योजना कारण विचारत नाही. कोन, दाब किंवा वारंवारता प्रत्यक्ष कशी बदलते आहे ते पाहून निर्णय घेते. ती मंद असते, पण कोणीही कल्पना न केलेल्या घटनेतही ती कामास येऊ शकते. विशेष संरक्षण योजना, उपचारात्मक कृती योजना, प्रणाली अखंडता संरक्षण अशी नावे देशोदेशी वापरात आहेत. त्यांत दोन्ही पद्धती येतात.

9. वारंवारता घसरल्यावर होणारी स्वयंचलित भारकपात यातच मोडते का?

उद्देश तोच आहे, रचना वेगळी. अंडर-फ्रिक्वेन्सी रिले स्थानिक वारंवारता पाहतो आणि कोणाशीही संपर्क न साधता फीडर, म्हणजे ग्राहकांना वीज पोहोचवणारी वाहिनी, तोडतो. वारंवारता संपूर्ण जोडलेल्या ग्रिडमध्ये जवळपास सारखी असल्यामुळे हे चालते, आणि संपर्क तुटला तरी हे काम करते. म्हणून तो शेवटचा आधार आहे आणि तसाच राहावा.

मात्र त्याच्या दोन मर्यादा आहेत. पहिली वेगाची. 28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया शेजारच्या ग्रिडपासून तुटले तेव्हा वारंवारता सेकंदाला सुमारे 6 हर्ट्झ या वेगाने घसरली आणि भारकपातीला काम करण्याइतका वेळच मिळाला नाही. त्यानंतर तिथे दुवा तुटण्याआधीच बॅटरीकडून वीज घेणारी आणि भार कमी करणारी योजना उभारण्यात आली. दुसरी मर्यादा फीडरची आहे. छतांवरील सौरऊर्जेमुळे जो फीडर दुपारी ग्रिडला वीज देतो, तो तोडला तर तूट आणखी वाढते. भारकपातीच्या याद्या वर्षातून एकदा कागदावर ठरवण्याचे दिवस आता संपले आहेत.

10. जीपीएसचा वेळ चुकला तर काय होईल?

50 हर्ट्झला 1 मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 0.018 अंश. 26 जानेवारी 2016 रोजी जीपीएस उपग्रहांच्या प्रसारणात सुमारे 13 मायक्रोसेकंदांची चूक शिरली होती. कोनात तिचा परिणाम पाव अंशाहूनही कमी होतो. संरक्षणासाठी तेवढे सहन होते. घड्याळ मिलिसेकंदाने चुकले तर मात्र 18 अंशांचा फरक पडतो, आणि तेवढ्याने योजना चुकीची चालू शकते.

ओळखण्याची एक खूण फार उपयुक्त आहे. घड्याळ चुकले तर त्या उपकेंद्रातील दाब आणि प्रवाह दोन्ही सारख्याच कोनाने फिरतात, त्यामुळे तिथले मेगावॉट आणि मेगाव्हार (प्रतिघाती विजेचे माप) बरोबरच राहतात. कोन 18 अंशांनी उडाला, पण त्या बसवरच्या कोणत्याही वाहिनीतील वीज बदलली नाही, तर दोष ग्रिडमध्ये नसून घड्याळात आहे. हा पडताळा तर्कप्रणालीत घालायला काही मोजक्या ओळी लागतात. त्याशिवाय प्रत्येक मापनासोबत वेळेच्या गुणवत्तेचा संकेत येतो. तो वाचणे बंधनकारक मानावे.

11. संपर्क तुटला तर योजनेने कारवाई करावी की गप्प बसावे?

माहितीच्या अभावाला कधीही संकट समजू नये. दोन स्वतंत्र मार्ग ठेवावेत आणि ते खरोखर वेगळ्या भूमार्गाने जातात याची खात्री करावी. एकाच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या दोन तंतूंना दोन मार्ग म्हणत नाहीत. ज्या घटनेसाठी योजना आहे, त्याच घटनेत मनोरा पडून संपर्कही जात असेल तर योजनेचा उपयोग शून्य. दोन्ही मार्ग गेले तर योजना आपोआप बाद व्हावी आणि चालकाला तत्काळ कळावे, कारण तेव्हा त्या मार्गावरील वीज योजनेशिवाय सुरक्षित असलेल्या मर्यादेपर्यंत उतरवावी लागते. हा दुसरा भाग लिखित कार्यपद्धतीतून अनेकदा सुटतो.

12. न चालणे जास्त घातक की विनाकारण चालणे?

स्थानिक संरक्षणात न चालणे जास्त घातक, कारण बिघाड तसाच राहतो. म्हणून तिथे दोन रिलेंपैकी कोणीही ट्रिप देऊ शकतो. विस्तृत क्षेत्र योजनेत ही कसोटी तशीच लावता येत नाही. निरोगी ग्रिडमध्ये 1000 मेगावॉट विनाकारण तोडणे हीच एक मोठी घटना आहे. म्हणून तीनपैकी दोन संचांचे एकमत झाल्यावरच आदेश देण्याची रचना सामान्यतः योग्य ठरते.

चालण्याच्या बाजूने झुकलेल्या जुन्या योजनांचा धोका 8 सप्टेंबर 2011 रोजी अमेरिकेच्या नैऋत्य भागात दिसला. ॲरिझोनातील एक 500 केव्ही वाहिनी गेल्यानंतर 11 मिनिटांत सॅन दिएगोसह सुमारे 27 लाख ग्राहकांची वीज गेली. शेवटचा घाव सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राजवळील विभाजन योजनेने घातला. प्रवाह 8000 अँपिअरची मर्यादा ओलांडताच तिने ठरवल्याप्रमाणे वाहिन्या तोडल्या; सॅन दिएगो वेगळे पडले आणि अणुकेंद्राची दोन्ही एककेही बंद झाली. योजना बिघडलेली नव्हती. ती चालल्यावर ग्रिडचे काय होईल याचा पुरेसा अभ्यास झालेला नव्हता. नवे पीएमयू किती बसवले यापेक्षा जुन्या योजनांची सेटिंग शेवटची कधी तपासली, हा प्रश्न आम्ही आधी विचारतो.

13. पी वर्गाचा पीएमयू घ्यावा की एम वर्गाचा?

संरक्षणासाठी पी: त्याची गाळणी आखूड असते आणि उत्तर लवकर मिळते. आंतरक्षेत्रीय दोलने, म्हणजे ग्रिडच्या दोन भागांमधील विजेचे संथ झोके, अचूक मोजायची असतील तर एम. दोन वर्गांची मापने एकाच निर्णयात मिसळू नयेत, कारण धक्क्याच्या काळात दोघांचे उत्तर काही क्षण वेगळे असते आणि तो फरक कोनातील खरा बदल भासतो.

14. प्रत्यक्ष ग्रिडवर चाचणी करता येत नाही. मग भरवसा कसा ठेवायचा?

रिअल-टाइम सिम्युलेटरवर खरी उपकरणे जोडून हजारो प्रसंग चालवता येतात, आणि ते केल्याशिवाय योजना कार्यान्वित करू नये. त्यानंतर काही महिने ती ट्रिप न देता केवळ ‘मी आता ट्रिप दिला असता’ अशी नोंद करत ठेवावी.

सिम्युलेटर मात्र त्यातील ग्रिडच्या गणिती प्रतिरूपाइतकाच खरा असतो. 10 ऑगस्ट 1996 रोजी उत्तर अमेरिकेचे पश्चिम ग्रिड वाढत्या दोलनांमुळे चार तुकड्यांत फुटले. नंतर त्या वेळच्या अधिकृत प्रतिरूपावर तीच घटना चालवली, तेव्हा दोलने विरून जाऊन ग्रिड सावरताना दिसले. म्हणून प्रत्येक प्रत्यक्ष धक्क्यानंतर पीएमयूच्या नोंदी आणि प्रतिरूप यांची तुलना करणे हा चाचणीचाच भाग आहे.

15. देखभालीसाठी एक वाहिनी बंद असताना योजना चालू ठेवावी का?

चालू ठेवावी, पण योजनेला ती वाहिनी बंद असल्याचे ठाऊक असले पाहिजे. प्रश्न 8 मधील उदाहरणात तीनपैकी एक वाहिनी आधीच बंद असेल, तर पुढची गेल्यावर एकच उरते आणि कारवाईचा तक्ता पूर्णपणे बदलतो.

घोटाळा ‘बंद’ कशाला म्हणायचे इथे होतो. बहुतेक योजना ब्रेकरच्या सहायक संपर्कावरून, म्हणजे ब्रेकर उघडा की जोडलेला हे सांगणाऱ्या संकेतावरून, वाहिनीची स्थिती ठरवतात. देखभालीच्या वेळी आयसोलेटर (वाहिनी वेगळी करणारा स्विच) उघडून वाहिनी वेगळी केली जाते आणि नंतर चाचणीसाठी ब्रेकर उघड-बंद केला जातो. ब्रेकर बंद झाला, म्हणजे त्याचे संपर्क जुळले, की योजनेला वाहिनी सेवेत आल्याचे दिसते. तो उघडला की वाहिनी ट्रिप झाल्याचे दिसते आणि ती शेकडो मेगावॉट तोडते. उलट प्रकारही घडू शकतो: वाहिनी दूरच्या टोकाला उघडली जाते, इकडचा ब्रेकर जोडलेलाच असतो आणि योजनेला काहीच कळत नाही. यासाठी ब्रेकर, आयसोलेटर आणि दोन्ही टोकांची वीज हे तिन्ही एकत्र तपासावेत. वीज आधीच शून्य असलेली वाहिनी ‘गेली’ असे कधीही मानू नये. चाचणीपूर्वी त्या वाहिनीचा संकेत योजनेतून वगळण्यासाठी स्वतंत्र स्विच असावा, आणि वाहिनी परत सेवेत देण्याच्या परवान्यावर तो स्विच पूर्वस्थितीत आणल्याची सही असल्याशिवाय परवाना बंद करू नये.